भाषण अडलं, मैदान मिळालं

नमस्कार,

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून चौतीस मुलं, खोली एकच. गेल्या महिन्यात केंद्रस्तरावर वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता ‘झाडे लावा, झाडे जगवा’. सातवीतल्या एका मुलीची तयारी मी करून घेतली. भाषण मीच लिहिलं, पंधरा दिवस रोज पाठ करून घेतलं. स्टेजवर तिसऱ्या परिच्छेदाला ती अडली. मी खालून ओठ हलवून पुढचा शब्द सांगत होते, पण तिचं लक्षच नव्हतं. मिनिटभर तशीच उभी राहिली आणि रडत खाली आली.

याच मुलीची दुसरी गोष्ट. स्पर्धेच्या आठ दिवस आधी ती मुख्याध्यापक सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली होती. मैदानावर रोज मुलांचं क्रिकेट, मुली भिंतीला टेकून बसलेल्या. ती सरांशी असं काही बोलली की सरांनी दर गुरुवारी मैदान मुलींना देऊन टाकलं. मी तिथेच हजेरी लिहीत बसले होते. तिला एकही शब्द शोधावा लागला नाही.

मग स्टेजवर काय झालं? आपलं म्हणणं पटवून द्यायला मुलांना शिकवता येतं का? सरांना यंदा तालुक्याची ढाल हवी आहे. एक पालक यूट्यूबवरची भाषणं उतरवून आणून देतात. आणि सहकारी म्हणतात, पटवायला शिकवाल तर उद्या हीच पोरं आपल्याला उलट बोलतील.

— एक शिक्षिका

ताई,

उत्तर तुमच्या पत्रातच आहे, फक्त ते दोन परिच्छेदांत वाटलं गेलंय. सरांच्या टेबलासमोर त्या मुलीला एक माणूस पटवायचा होता. तो माणूस ‘नाही’ म्हणू शकत होता. स्टेजवर तिला कोणाला पटवायचं होतं? त्या हॉलमध्ये झाडं तोडा म्हणणारा एक तरी होता का? परीक्षक झाडांच्या बाजूचे, शिक्षक झाडांच्या बाजूचे, समोर बसलेली पोरंही झाडांच्याच बाजूची. सगळे आधीच पटलेले. मग तिच्याकडे काम उरलं ते तुमची वाक्यं ओळीनं आठवण्याचं. त्यातलं एक निसटलं आणि हातात काहीच राहिलं नाही. मैदानासाठी बोलताना एखादं वाक्य निसटलं असतं तर तिनं दुसरं धरलं असतं, कारण तिला मैदान हवं होतं.

तेव्हा सगळ्यात आधी तिला जवळ बसवून सांगा की चूक भाषणाची होती. ते भाषण तुम्ही लिहिलेलं, म्हणून जड जाईल. तरी सांगा. बाईंच्या तोंडून हे ऐकलेलं मूल पुन्हा उभं राहतं, हे मी पाहिलंय.

माझं स्वतःचंही कबूल करून टाकते. मी हायस्कूलला मराठी शिकवलं आणि किती स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले त्याची मोजदाद नाही. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथून गाडी सुटते आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ इथे थांबते. दोन शब्द सात मिनिटं चालतात. बाराव्या-तेराव्या मुलापर्यंत परीक्षकाचा हात आपोआप चालायला लागतो: उच्चार, हावभाव, पाठांतर, वेळेचं भान. ‘पटलं का?’ असा रकाना मी तरी कुठल्या गुणपत्रिकेत पाहिला नाही.

एकदा १ ऑगस्टच्या स्पर्धेत एका मुलानं टिळकांच्या शेंगांची गोष्ट दणकून सांगितली. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही’ म्हणताना टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याचा तांब्या हलला. पहिला नंबर मीच दिला. बक्षीस घेऊन निघाला तेव्हा त्याला सहज विचारलं, “मग ती टरफलं शेवटी कोणी उचलली असतील रे?” त्यानं त्याच्या सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि आम्ही तिघेही सुटलो.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन मी आठवीच्या वर्गात गेले. अर्धा वर्ग म्हणाला, टिळकांचं बरोबर, ज्यानं सांडलं त्यानं भरावं. मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, “आमच्या घरी मी खाल्लेलं नसलं तरी झाडते मीच.” यावर जो गलका झाला तो घंटा झाली तरी थांबेना. एक जण म्हणाला, गुरुजींनी आधी विचारायला हवं होतं, कोणी खाल्ल्या ते. दुसरा म्हणाला, शिक्षा म्हणून झाडणं वेगळं आणि वर्ग आपला म्हणून झाडणं वेगळं. हे वाक्य त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं. इतकी वर्षं तोंडपाठ होत आलेल्या गोष्टीचा त्या दिवशी पहिल्यांदा विचार झाला, माझ्यासकट.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पटवायला शिकवायचं असेल तर आधी मुलासमोर ‘नाही’ म्हणणारं माणूस आणून बसवा. बाकीच्या गोष्टी, म्हणजे आवाज, हात, उभं राहणं, त्याच्या मागून येतात.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. पाठ केल्यानं जीभ वळते, श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. फक्त आख्खं भाषण पाठ करून घेऊ नका. पहिलं वाक्य पाठ, शेवटचं वाक्य पाठ, आणि मधले तीन-चार थांबे पाठ. मी मुलांना एसटीचं उदाहरण द्यायचे. बीडहून संभाजीनगरला निघालेल्या गाडीला गेवराई, पाचोड, आडूळ घ्यावंच लागतं. दोन थांब्यांच्या मध्ये ड्रायव्हर कुठे हळू घेतो, कुठे दामटतो, ते रोज वेगळं. भाषणाचे थांबे चिठ्ठीवर एकेका शब्दात लिहू द्या. मधला रस्ता मूल आपल्या पायांनी चालेल. वाट चुकलं तरी पुढचा थांबा त्याला माहीत असतो.

आता ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचं. एक खुर्ची वर्गासमोर ठेवा. त्यावर एका मुलाला बसवा, त्याचं नाव त्या तासापुरतं ‘नाही’. दुसऱ्यानं त्याच्याकडे काहीतरी मागायचं, दोन मिनिटांत. ‘नाही’नं नुसती मान हलवायची नाही, कारण द्यायचं. आणि खरोखर पटलं तर उठून खुर्ची सोडायची. चौतीस मुलं, जोडवर्ग, वेळ कुठून आणू, असं तुम्ही म्हणाल. शनिवार आनंददायी करा म्हणून आपल्याला सांगितलंच आहे, तो यासाठी घ्या. एका शनिवारी पाच जोड्या झाल्या तरी पुष्कळ. बाकीच्यांनी ऐकायचं आणि खुर्ची कुठल्या वाक्याला हलली ते वहीत लिहायचं. ऐकणारी मुलं यात बोलणाऱ्यांपेक्षा जास्त शिकतात असा माझा अनुभव आहे.

विषय मात्र जवळचे घ्या. ‘विज्ञान शाप की वरदान’ यावर पोरांनी काहीही ठरवलं तरी विज्ञानाला फरक पडत नाही. शाळेत ज्याचा निर्णय होऊ शकतो असं काहीतरी घ्या.

माझ्या शाळेतलं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण सगळी गोम त्यात आहे. वाचनालयाची पुस्तकं एका लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. सातवीतल्या एका मुलाला ते कपाट उघडून हवं होतं. खुर्चीवर त्याचाच मित्र ‘सर’ होऊन बसला. आमचा मुलगा सुरू झाला, “वाचाल तर वाचाल! पुस्तक हा माणसाचा खरा मित्र आहे.” खुर्ची म्हणाली, “पुस्तकं फाटतात.” हा म्हणाला, “नाही फाटणार.” खुर्ची म्हणाली, “मागच्या वर्षी फाटली.” संपलं. मुलगा गप्प, वर्ग हसायला लागला.

मी त्याला म्हटलं, तू असं कर, खऱ्या सरांकडे जा. मागू काहीच नकोस. फक्त विचार, कपाटाला कुलूप का असतं. तो गेला आणि अर्ध्या तासानं वेगळाच चेहरा घेऊन आला. पुस्तकं फाटण्याचं सरांना फारसं काही नव्हतं. सगळी पुस्तकं जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत, चढवलेली, बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यावं लागतं, आणि एक जरी कमी भरलं तरी उत्तर सरांना द्यायचं. मागच्या शाळेत त्यांना तीन पुस्तकांचे पैसे खिशातून भरावे लागले होते. हे त्यांनी आम्हा शिक्षकांना कधी सांगितलं नव्हतं, त्या पोराला सांगितलं.

पुढच्या शनिवारी मुलगा पुन्हा खुर्चीसमोर उभा राहिला. ‘वाचाल तर वाचाल’ गेलं. त्यानं सुरुवातच अशी केली: “सर, पुस्तक हरवलं तर तुम्हाला भरावं लागतं, ते बरोबर नाही. आम्ही दोघं जण वही ठेवतो. नेलेलं पुस्तक, नाव, तारीख. दर शनिवारी सुट्टीच्या आधी मोजून तुमची सही घेतो. एक जरी कमी आलं तर कपाट बंद.” खुर्चीतला मित्र दोन सेकंद थांबला आणि उठला. खरे सर काही लगेच उठले नाहीत. त्यांनी आधी फक्त गोष्टींच्या पुस्तकांचा खालचा कप्पा उघडला, महिनाभर पाहिलं, मग बाकीचं.

ताई, ही जी मधली फेरी आहे ना, विचारून यायची, तीच आपण शाळेत शिकवत नाही. आपण मुलांना बोलायला उभं करतो. समोरच्याचा नकार नेमका कुठे अडकलाय ते शोधायला पाठवत नाही.

आपल्या जुन्या शास्त्रार्थाच्या परंपरेत याला पूर्वपक्ष म्हणायचे. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग त्याचं खंडन, मग आपला सिद्धांत. वर्गात मी एकच नियम ठेवायचे: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि समोरचा ‘हो, हेच म्हणतोय मी’ असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. सातवीतल्या मुलांना महाकठीण जातं. ती समोरच्याचं म्हणणं मुद्दाम वेडगळ करून सांगतात आणि खिदळतात. मोठ्यांचंही तेच चालतं, टीव्ही लावून बघा. पहिले चार-पाच शनिवार नुसते यातच जातील. जाऊ द्या.

शाळेतली मुलगी कुठवर जाऊ शकते ते पाहायचं असेल तर मुक्ता साळवे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेतली, मांग समाजातली विद्यार्थिनी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्यातली एक चाल मुलांना जरूर दाखवा. वेदांवर अधिकार फक्त ब्राह्मणांचा, असं सांगणाऱ्यांशी ती तिथे हुज्जत घालत बसत नाही. ती म्हणते, बरं, तसंच धरू. मग याचा अर्थ आमच्याजवळ धर्मपुस्तक नाही. आणि पुस्तक नाही तर आमचा धर्म कोणता, ते देवा तूच सांग. समोरच्यानं ठोकलेल्या खुंटीलाच तिनं दोर बांधला. माझ्या वर्गातली मुलं हे ऐकून क्षणभर गप्प व्हायची आणि मग एखादं म्हणायचं, “म्हणजे ती भांडलीच नाही!” भांडली की. पण त्यांच्याच वाक्यानं.

जोतीरावांचंही एक सांगण्यासारखं आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. आपला शिक्षणातला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असं ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. आपल्या स्पर्धेतला मुलगा ‘संपूर्ण विश्वात’ असं म्हणून सुरुवात करतो! आणि मग सरकारपुढे मुद्दा ठेवतात तो सरकारच्याच हिशेबाचा: तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांवर. दयेची याचना कुठे नाही. इंग्रज अधिकाऱ्याला जी भाषा कळते, जमा-खर्चाची, त्या भाषेत ते बोलले.

यातून मुलांसाठी मी दोन सवयी घेतल्या. एक, मला जेवढं माहीत आहे तेवढ्यावरच बोलायचं. दोन, आकडा आपण स्वतः मोजलेला हवा. दप्तराचंच घ्या. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं, असा नियम आहे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. ‘आमच्या दप्तराचं ओझं फार आहे हो’ असं रडगाणं गाण्याआधी वजनकाटा आणायचा आणि एकेक दप्तर लावायचं. आमच्या वर्गानं हे केलं तेव्हा फजितीच झाली. दप्तरं जड होतीच, पण निम्म्या मुलांच्या दप्तरात त्या दिवशी तास नसलेल्या विषयांची पुस्तकं, मागच्या इयत्तेची एक वही आणि दोन लिटरची पाण्याची बाटली. शाळेविरुद्ध काढायचा मोर्चा घरच्या घरीच विरघळला. पाण्याचा मुद्दा तेवढा उरला, कारण शाळेचा नळ दुपारी जायचा, आणि तो मुद्दा मग त्यांनी पालकसभेत मांडला. तो खरा होता, म्हणून टिकला.

तुमच्या भागात सप्ताह बसत असणारच. मुलांना कीर्तनाला जायला सांगा, बुवांकडे नीट बघायला सांगा. मोठ्या चिंतनानंतर लोक जरा पेंगुळले की बुवा दृष्टांत काढतात, आणि तो दृष्टांत कुठल्या तरी लांबच्या राजाचा असला तरी त्यातली सासू, बैल आणि उधारी समोर बसलेल्यांच्या घरातली असते. कुठल्या क्षणी बायका हसल्या, कुठे म्हाताऱ्यानं मान हलवली, एवढंच वहीत टिपून आणा म्हणायचं. पुस्तकातून ‘उदाहरण कसे द्यावे’ शिकवण्यापेक्षा हे स्वस्त आणि मस्त.

भाषेचं एक बोलायलाच हवं. तुमची ती मुलगी सरांशी काय भाषेत बोलली असेल? “सर, पोरं आमाला मैदानच देईनात, आमी काय नुसतं बघत बसायचं का?” असंच काहीतरी ना? आणि स्टेजवर तिला तुम्ही ‘वृक्षवल्ली ही वसुंधरेची अमूल्य संपदा आहे’ असलं काही दिलं असेल. मी टोमणा मारत नाही, मीही हेच लिहून द्यायचे. प्रमाणभाषा शिकवायची, नक्की शिकवायची, परीक्षेला आणि पुढच्या आयुष्याला लागते. पण पहिला खर्डा घरच्या बोलीत होऊ द्या. मुद्दा उभा राहिला की मग त्याला शाळेचे कपडे घाला. आधी कपडे आणि मग आत माणूस शोधायचा, असं केलं की ते बुजगावणं होतं. आणि खुर्चीच्या खेळात तर बोली अजिबात दुरुस्त करू नका. मूल मुद्द्याच्या मध्यावर असताना ‘आमी नाही, आम्ही’ म्हणून आपण टोकलं की मुद्दा गेलाच समजा.

काही मुलं उभी राहून बोलणारच नाहीत. त्यांच्यामागे लागू नका. त्यांना अर्ज लिहू द्या. दहावीला मागणीपत्र, विनंतीपत्र येतंच. पण इथे ते खऱ्या माणसाला लिहायचं आणि खरंच पाठवायचं. समजा शाळा सुटण्याच्या वेळेची एसटी वेळेवर येत नाही. ‘बस रोज उशिरा येते’ हे वाक्य आगारातल्या साहेबांनी हजारदा ऐकलंय. दहा दिवस वहीत रोजची वेळ लिहा, त्यांतल्या किती दिवशी किती मिनिटं उशीर ते खाली मांडा, आणि मुलींना घरी पोचायला अंधार होतो हे एका ओळीत लिहा. माझ्याकडे एक मुलगी होती, वर्गात नाव विचारलं तरी मान खाली. तिचा अर्ज इतका नेमका असायचा की शिक्षकसुद्धा आपले अर्ज तिच्याकडून तपासून घ्यायचे. ती कधीही स्टेजवर गेली नाही.

आता एक जागा अशी सांगते जिथे हा खेळ न्यायचा नाही. तुमच्या जिल्ह्याची म्हणून मुद्दाम सांगते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील आणि तुमच्या चौतीसांतली काही मुलं आईबापांबरोबर साखर कारखान्याला जातील. माझ्या ओळखीच्या एका उत्साही शिक्षकानं वर्गात विषय दिला होता: ‘मला ऊसतोडीला नेऊ नका, हे आईबाबांना पटवा.’ हेतू चांगला. एक मुलगी उठली आणि म्हणाली, “मी राहिले तर बारक्याला फडात कोण बघंल?” वर्ग शांत, शिक्षकही शांत. त्या घरानं मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोयता, म्हणजे तोडणीची नवरा-बायकोची जोडी, ठरलेला असतो. तिथे पोरीच्या बोलण्यानं काय हलणार? नाही हललं की ती समजणार, मलाच नीट बोलता आलं नाही. हे ओझं मुलाच्या खांद्यावर द्यायचं नाही. ते बोलणं तुमचं आणि सरांचं, तेही हंगामी वसतिगृहात जागा आहे का, आजी घरी थांबणार का, हे सगळं हातात घेऊन. म्हणून विषय ठरवताना मी मुलांना विचारायचे, किल्ली कोणाकडे आहे? ज्याच्याकडे किल्लीच नाही त्याच्याशी वाद घालून दोघंही दमतात.

सहकाऱ्यांची भीती खरी आहे. मुलं उलट बोलतील. माझ्याशी बोलली. गृहपाठ इतका का, शिक्षा फक्त मागच्या बाकाला का, बाई तुम्ही स्वतः उशिरा आलात त्याचं काय. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी तसं सांगितलं आणि त्या दिवशी वर्गाबाहेर पाच मिनिटं उभी राहिले. गाजावाजा झाला थोडा शिक्षकखोलीत. पण सहकाऱ्यांना एक विचारा: ती पोरं आत्ताही बोलतातच ना, फक्त आपल्या पाठीमागे? आणि तुम्ही कधीच हरला नाहीत, एकदाही ‘बरं, पटलं मला’ म्हणाला नाहीत, तर खुर्चीचा सगळा खेळ खोटा आहे हे मुलांना दुसऱ्याच आठवड्यात कळेल. शिस्तीची मर्यादा आखून द्या. एकेरीवर यायचं नाही, माणसाच्या जातीवर, घरावर, दिसण्यावर जायचं नाही. त्या पलीकडे थोडं उलट बोलणं सोसायला लागेल.

मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या मुलाची, जो काहीही पटवू शकतो. असा एखादा प्रत्येक वर्गात असतो. आवाज गोड, शेर पाठ, वादविवादात समोरच्याची टिंगल करून टाळ्या घेणारा. त्याला दर वेळी चिठ्ठी काढून बाजू द्या, आणि अर्ध्यावर बाजू बदला. आणि जो उठून म्हणेल, ‘मी आधी हे म्हणत होतो, आता मला तिचं पटलं’, त्याच्यासाठी वर्गाला टाळ्या वाजवायला लावा, जिंकणाऱ्यापेक्षा जोरात. मत बदलणं म्हणजे हरणं, हे मुलं घरातूनच शिकून येतात.

राहिली ढाल. सरांना ढाल हवी आहे तर हवी आहे, त्यात वाईट काही नाही. यूट्यूबचं भाषण आणणाऱ्या पालकांनाही दुखवू नका. भाषण घ्या, मुलाला वाचू द्या, आणि मग त्याला वर्गासमोर तीन प्रश्न विचारा: हे कोण मानणार नाही? तो काय म्हणेल? तू त्याला काय सांगशील? तीन उत्तरं आली की त्या भाषणातली निम्मी वाक्यं मूल स्वतःच खोडतं. झाडांच्या विषयातसुद्धा ‘नाही’ म्हणणारा सापडतो. बांधावर झाड लावलं की सावलीत पीक येत नाही, असं म्हणणारा शेतकरी तुमच्या गावात आहे की नाही? कदाचित तिच्याच घरात असेल. तिला त्या माणसाशी बोलून यायला सांगितलं असतंत आणि स्टेजवर त्याच्याशी बोलायला लावलं असतंत, तर ती अडली असती असं मला वाटत नाही. आणि स्पर्धा कधी तुमच्याच शाळेत भरली तर प्रत्येक भाषणानंतर परीक्षकाला एक प्रश्न विचारू द्या, एकच. त्या एका मिनिटात कोणाचं भाषण कोणाचं आहे ते सगळ्या हॉलला कळतं.

त्या मुलीला लगेच दुसऱ्या स्पर्धेला उभं करू नका. त्याऐवजी उद्या मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर बसा आणि सरांच्या टेबलासमोर ती काय काय बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून काढा. सर आधी काय म्हणाले, कुठे नाही म्हणाले, त्यावर ती काय म्हणाली, आणि कुठल्या वाक्याला त्यांनी मान डोलावली. तुम्ही तिथेच हजेरी लिहीत होतात, तुम्हालाही काही आठवेल. तिला विचारा, जायच्या आधी मैत्रिणींशी काय ठरवलं होतं, आणि सरच का, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांशी आधी बोलून का नाही पाहिलं. बोलून पाहिलं असेलच बहुतेक. तो कागद तुमचा पहिला पाठ. मला त्याची एक प्रत पाठवा.

आणि गुरुवारचं मैदान अजून मुलींकडेच आहे, की पोरांनी परत घेतलं, तेही कळवा.